वळणाच्या वाटेचे तिकीट

ज्या देशात प्रवासी रेल्वेचा एक रूळही नाही, त्या देशात राहून रेल्वेच्या तिकिटाविषयी लिहावे हे वाचकांपैकी काहींना विसंगत वाटण्याचा संभव आहे. परंतु जलीब अल शुयूखमधील मराठी बिऱ्हाडांत रजेचा हंगाम जवळ आला म्हणजे जी बोलणी चालतात, त्यांत विमानाच्या तिकिटाचा विषय लवकर आटोपतो आणि रेल्वेच्या तिकिटाचा मात्र रात्री उशिरापर्यंत आटोपत नाही, हे येथे राहणाऱ्या प्रत्येकास ठाऊक आहे. फरवानिया प्रांतातील ही दाट वस्ती कुवेतच्या विमानतळाला लागूनच आहे. हसावीच्या गल्ल्यांतून अथवा अब्बासियाच्या शाळांजवळून निघालेला मनुष्य थोडक्या वेळात विमानतळावर पोहोचतो आणि पुढे सुमारे चार तासांत मुंबईला उतरतो. विवंचना सुरू होते ती तेथून पुढे. रत्नागिरीला आई, बेळगावला बहीण, कोल्हापूरला अंबाबाईचा नवस, साताऱ्याला सासर, पुण्याला शिकणारा मुलगा, आणि पुन्हा मुंबईचे विमान, अशी ज्याच्या रजेची आखणी असते, त्याला एका गावाहून दुसऱ्या गावी सरळ जाऊन सरळ परत येण्याचे तिकीट पुरत नाही. त्याला फिरून येण्याचे तिकीट हवे असते, आणि तेही असे की ज्याची तारीख एखाददुसऱ्या दिवसाने मागेपुढे झाली तरी पैसे बुडू नयेत.

कुवेतच्या २०१० सालच्या सहाव्या क्रमांकाच्या कामगार कायद्याने खाजगी क्षेत्रातील नोकरास वर्षाकाठी ३० दिवसांची भरपगारी रजा दिली आहे. ही रजा मिळते हे निश्चित असले, तरी ती कोणत्या तारखेपासून मिळेल हे बहुधा अखेरच्या आठवड्यांपर्यंत अनिश्चित असते. मुदीराने, म्हणजे व्यवस्थापकाने, अर्जावर सही केली तरी बदली कामगार मिळेपर्यंत ती सही कच्चीच समजावी लागते. अकाम्याचे, म्हणजे निवास परवान्याचे, नूतनीकरण मध्येच आले तर मंदूबाच्या, म्हणजे कंपनीतर्फे सरकारी कामे करणाऱ्या माणसाच्या, फेऱ्या संपेपर्यंत वाट पाहावी लागते. आणि १ जुलै २०२५ पासून तर खाजगी क्षेत्रातील परदेशी कामगारास देश सोडण्यापूर्वी मालकाकडून निर्गमनाचा परवाना मिळवणे सक्तीचे झाले आहे. इकडे भारतीय रेल्वेने १ नोव्हेंबर २०२४ पासून आगाऊ आरक्षणाची मुदत १२० दिवसांवरून ६० दिवसांवर आणली. या फेरबदलावर टीका पुष्कळ झाली. परंतु ज्याला चार महिने आधी आपली तारीख सांगताच येत नाही, त्या आमच्यासारख्यांचे त्यात विशेष नुकसान झाले असे मला वाटत नाही. नुकसान आहे ते निराळ्या ठिकाणी. एका रजेत जर पाच-सहा वेगवेगळे प्रवास असतील, तर त्या प्रत्येकाचे तिकीट स्वतंत्र, प्रत्येकाची प्रतीक्षायादी स्वतंत्र आणि रद्द करताना प्रत्येकावर होणारी कपातही स्वतंत्र असते. रजा आठ दिवसांनी पुढे ढकलली गेली की ही सारी माळ एकदम तुटते. उरतो तो तत्काळचा मार्ग. त्याचे दर चढे, निश्चित झालेले तत्काळ तिकीट रद्द केल्यास परतावा शून्य, आणि जुलै २०२५ पासून ते संगणकावरून काढण्यास आधारची पडताळणी आवश्यक. ज्याचा आधारशी जोडलेला भारतातील फोनक्रमांक वर्षभर परदेशात राहिल्याने बंद पडला आहे, त्याला हा मार्गही गावी असलेल्या भावाच्या किंवा मेहुण्याच्या हातूनच चालावा लागतो.

या अडचणीचे उत्तर शोधताना लोक साहजिकच सर्वांत जवळच्या मार्गाकडे आणि सर्वांत स्वस्त तिकिटाकडे वळतात. मला येथे वेगळे प्रतिपादन करावयाचे आहे. रजेवर आलेल्या माणसासाठी लांबच्या, वळणाच्या वाटेचे एकच तिकीट हे सरळ वाटेच्या अनेक तिकिटांपेक्षा अधिक किफायतशीर ठरू शकते, असे तिकीट रेल्वेच्या नियमांत पूर्वीपासून अस्तित्वात आहे, आणि ते सामान्य प्रवाशाच्या हाती पोहोचत नाही ही रेल्वेच्या कारभारातील उणीव आहे.

ती वाट प्रथम डोळ्यांसमोर आणावी. मुंबईहून सकाळी सातच्या सुमारास मांडवी एक्सप्रेस सुटते. पनवेल मागे पडले, रोहे आले, म्हणजे कोकण रेल्वेची हद्द सुरू होते. रोह्यापासून मंगळुराजवळच्या ठोकूरपर्यंतचा ७४१ किलोमीटरांचा हा मार्ग १९९८ साली संपूर्ण खुला झाला, आणि ज्यांनी त्यापूर्वी एस. टी.च्या खिडकीशी बसून कशेडी आणि परशुरामाचे घाट रात्रीच्या अंधारात ओलांडले आहेत, त्यांना त्याचे मोल शब्दांनी सांगावे लागत नाही. नव्वदांहून अधिक बोगदे आणि दोन हजारांच्या आसपास लहानमोठे पूल या एका मार्गावर आहेत; करबुड्याचा बोगदा साडेसहा किलोमीटरांचा, आणि रत्नागिरीनजीकचा पानवल नदीवरील पूल तळापासून ६४ मीटर उंच. पावसाळ्यात या मार्गावर स्वतंत्र वेळापत्रक लागू होते आणि सुरक्षिततेसाठी गाड्या संथ चालवल्या जातात. घाईच्या माणसाला हा उशीर जाचतो. परंतु कड्यावरून ओघळणारे पाणी, लावणीची खाचरे आणि मध्येच उघडणारे खाडीचे पात्र ज्याला पाहावयाचे आहे, त्याने हाच उशीर मागून घ्यावा. रत्नागिरीला, कणकवलीला किंवा कुडाळला उतरावे, घरी आठ दिवस राहावे, आणि पुढे सावंतवाडीवरून मडगाव गाठावे.

मडगावहून परत त्याच वाटेने न फिरता पूर्वेस वळावे. येथून कुळ्याला, आणि कुळ्याहून ब्रागांझा घाटाने कॅसलरॉकला जाणारी वाट ही पश्चिम भारतातील अत्यंत रमणीय अशा रेल्वेवाटांपैकी एक होय. १८७८च्या इंग्रज-पोर्तुगीज तहातून या मार्गाची कल्पना निघाली आणि १८८८ साली मुरगाव बंदरापासून सरहद्दीपर्यंतचा रूळ पूर्ण झाला. मीठ, मासळी आणि माणसे यांची ये-जा ज्या सह्याद्रीने युगानुयुगे अवघड करून ठेवली होती, त्याच्या अंगावर सव्वीस किलोमीटरांचा हा चढ खोदला गेला, आणि त्याचा उतार काही ठिकाणी ३७ फुटांस एक फूट इतका खडा आहे. गाडीला जादा इंजिने जोडावी लागतात. चढाच्या मध्यावर दूधसागराचा प्रपात रुळाच्या पुलाला जवळजवळ स्पर्श करीत कोसळतो. तेथे उतरण्याचा मोह मात्र धरू नये, कारण पावसाळ्यात प्रवाशांनी त्या ठिकाणी उतरण्यास रेल्वेने मनाई केली आहे, आणि ती मनाई योग्य आहे; जे पाहावयाचे ते खिडकीतून पुरेसे दिसते.

या फेरीची दिशा कोणती, हा प्रश्न किरकोळ नाही. दिल्लीहून पुणे-मिरजमार्गे गोव्याला येणारी गोवा एक्सप्रेस हा घाट रात्री उतरते. उलट वास्कोहून दुपारी निघणारी तीच गाडी उजेड असतानाच तो चढते. तेव्हा ज्याला घाट पाहावयाचा आहे त्याने आधी कोकणात उतरावे आणि देशावरून परत यावे. पुढे लोंढा, बेळगाव आणि मिरज ही स्थानके क्रमाने येतात. कोल्हापूर या वर्तुळाच्या किंचित बाहेर पडते. मिरजेहून तेवढा फाटा वेगळ्या तिकिटाने करावा. परतीला कोल्हापूरहून सकाळी सुटणारी कोयना एक्सप्रेस मिरजेला धरली तर कृष्णाकाठचा ऊस, साताऱ्याचे डोंगर, नीरेचे खोरे आणि शेवटी १८६३ साली खुला झालेला बोरघाट, हे सारे दिवसाच्या प्रकाशात पाहात मुंबईस येता येते.

आता तिकिटाकडे वळू. रेल्वेच्या भाड्याची रचना अशी आहे की अंतर जसजसे वाढते तसतसा दर किलोमीटरमागचा आकार उतरत जातो; म्हणून दोनशे-दोनशे किलोमीटरांची पाच तिकिटे काढणाऱ्याला जे भाडे पडते ते एक हजार किलोमीटरांच्या एका तिकिटाच्या भाड्याहून पुष्कळ अधिक असते. ज्या स्थानकावरून प्रवास सुरू होतो त्याच स्थानकावर तो नेहमीच्या वाटेहून निराळ्या वाटेने संपत असेल, तर रेल्वे त्यासाठी सर्क्युलर जर्नी तिकीट देते, ज्याला आपण चक्राकार तिकीट म्हणू. एकंदर अंतराचे दोन समान भाग कल्पून प्रत्येक भागाचे एकेरी भाडे धरले जाते आणि त्यांची बेरीज म्हणजे तिकिटाची किंमत. वाटेत आठ ठिकाणी उतरून मुक्काम करण्याची मुभा असते. मुदतीचा हिशेब प्रवासाला दर ४०० किलोमीटरांस एक दिवस आणि मुक्कामाला दर २०० किलोमीटरांस एक दिवस असा आहे. वर वर्णन केलेली मुंबई-मडगाव-मिरज-पुणे-मुंबई ही फेरी भाड्याच्या हिशेबाने सुमारे दीड हजार किलोमीटरांची भरते. म्हणजे चार दिवस प्रवासाचे आणि सात-आठ दिवस मुक्कामाचे, असे जवळजवळ अकरा-बारा दिवस हातात येतात. तीस दिवसांच्या रजेतील घरचा मुक्काम काही या मुदतीत पूर्णपणे बसत नाही, हे खरे. म्हणून ज्याचे घर कोकणात आहे त्याने वर्तुळ रत्नागिरीलाच सुरू करून रत्नागिरीलाच संपवावे, आणि विमानतळापासूनची ये-जा वेगळी ठेवावी, हे अधिक शहाणपणाचे.

येथे एक इशारा देणे अवश्य आहे. चक्राकार तिकीट म्हणजे आसनाची हमी नव्हे. प्रत्येक टप्प्याचे आरक्षण स्वतंत्र करावे लागते, त्याचा आकार आणि जलद गाडीचा अधिभार वेगळा पडतो, आणि कोकण रेल्वेच्या मार्गावर प्रत्यक्ष अंतरापेक्षा अधिक अंतर धरून भाडे घेतले जात असल्यामुळे बचतीचा काही अंश तेथे कमी होतो. साध्या लांब पल्ल्याच्या तिकिटावरही वाटेत उतरण्याची सवलत आहे, परंतु ती पहिले ५०० किलोमीटर पार केल्याखेरीज मिळत नाही. मुंबईहून मिरज पाचशेच्या आतच असल्याने महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात फिरणाऱ्याला तिचा उपयोग जवळजवळ नाही. म्हणूनच चक्राकार तिकिटाचे महत्त्व अधिक.

आणि हेच तिकीट मिळवणे अवघड आहे. संगणकावर ते मिळत नाही. नेहमीच्या आरक्षणखिडकीवर नुसते मागूनही ते मिळत नाही. प्रवाशाने आपला मार्ग स्थानकांच्या नावांसह कागदावर लिहावा, तो अर्ज विभागीय वाणिज्य व्यवस्थापकाच्या दफ्तरात द्यावा, तेथे अंतराचा आणि भाड्याचा हिशेब होऊन मंजुरीचा कागद मिळावा, तो घेऊन खिडकीवर तिकीट काढावे आणि नंतर पुन्हा टप्प्याटप्प्याचे आरक्षण करावे, अशी ही रीत आहे. ज्या काळी प्रवासी आपल्याच शहरात राहून महिनाभर आधी तीर्थयात्रेची तयारी करीत असे, त्या काळी ही रीत शोभत असेल. जलीबमध्ये राहणाऱ्याला ती पाळायची तर त्याच्या वतीने कोणा नातेवाइकाने कामाचा दिवस बुडवून दफ्तराचे उंबरठे झिजवावे लागतात, आणि असे तिकीट असते हे खुद्द खिडकीवरच्या कारकुनालाच पटवून देण्याचा प्रसंग अनेकांवर आलेला मी ऐकला आहे. त्या कारकुनाला मी दोष देत नाही. जे तिकीट वर्षानुवर्षे कोणी मागत नाही ते त्याच्या स्मरणात कसे राहावे?

परदेशस्थांसाठी पूर्वी एक तजवीज होती. इंड्रेल पास या नावाचा पास परदेशी पर्यटकांस आणि अनिवासी भारतीयांस डॉलरांत मिळत असे. अर्ध्या दिवसापासून ९० दिवसांपर्यंत मुदत असलेल्या त्या पासावर हवा तो मार्ग धरता येई. २०१७ साली तो बंद झाला, आणि त्याच्या जागी तशी मोकळीक देणारे काही आले नाही. याच्या उलट उदाहरण आपल्या घरचेच आहे. महाराष्ट्राच्या एस. टी. महामंडळाची ‘आवडेल तेथे प्रवास’ ही योजना १९८८ पासून चालू आहे. चार दिवसांचा अथवा सात दिवसांचा पास काढावा आणि राज्यभर कोठेही हिंडावे, वाटेत मन बदलले तर वाट बदलावी. ज्या महामंडळाची आर्थिक ओढाताण सर्वश्रुत आहे, त्याला जे करता आले ते रेल्वेला करता येऊ नये, हे पटण्यासारखे नाही. जपानच्या रेल्वेने १९८२ साली सेइशुन जुहाची किप्पू नावाचे तिकीट काढले. त्यावर शीघ्रगती गाड्या मिळत नाहीत, परंतु साध्या गाड्यांनी सबंध देश पालथा घालता येतो, आणि सुट्टीच्या हंगामात विद्यार्थ्यांपासून वृद्धांपर्यंत सर्व वयाचे लोक ते विकत घेतात. संथ गाडीतला प्रवास हा गरिबाने नाइलाजाने करावयाचा प्रवास आहे, ही समजूत तेथे टिकली नाही.

आपल्याकडे ती टिकून आहे. दादर-मडगाव जनशताब्दीला २०१७ साली काचेच्या छताचा विस्टाडोम डबा जोडला गेला, २०२१ साली तसाच डबा मुंबई-पुणे डेक्कन एक्सप्रेसला मिळाला, आणि दोहोंचे मी मनापासून स्वागत केले; तथापि त्यांच्या भाड्याकडे पाहिले म्हणजे सृष्टिसौंदर्य पाहणे ही विशिष्ट ऐपतीच्या प्रवाशाची बाब आहे असे रेल्वेने ठरवलेले दिसते. आखातात काम करणाऱ्या माणसाविषयी तर सार्वत्रिक समज असा की त्याला फक्त लवकर घरी पोहोचायचे असते. लवकर पोहोचायचे असते यात शंका नाही. परंतु जो अकरा महिने सपाट वाळू, धुळीच्या वादळांनी पिवळे पडलेले आकाश आणि पन्नास अंशांच्या आसपास जाणारा उन्हाळा पाहतो, त्याला हिरव्या डोंगराचे दर्शन ही चैन वाटत नाही, गरज वाटते. आणि ती गरज शयनयानाच्या उघड्या खिडकीशी बसून भागवण्यास तो अगदी राजी असतो.

त्याहून मला अधिक काळजी वाटते ती मुलांची. अब्बासियाच्या शाळांत शिकणारी आमची मुले महाराष्ट्राला दोन घरांचे मिळून एक राज्य समजतात. एक घर आजोळचे आणि दुसरे वडिलांकडचे, आणि मधला प्रदेश रात्रीच्या गाडीत झोपेत निघून गेलेला. कोकण कोठे संपले, देश कोठे लागला, कृष्णा कोणत्या गावापाशी आडवी आली, लाल माती काळी कोठे झाली, बेळगावच्या फलाटावरचे मराठी आणि मालवणचे मराठी यांत फरक कोणता, हे नकाशावरून शिकवता येत नाही. दिवसाच्या गाडीत, टप्प्याटप्प्याने उतरत, आत्याकडे दोन दिवस आणि मावशीकडे दोन दिवस राहात जो मुलगा एकदा हे वर्तुळ पुरे करतो, त्याच्या मनात आपला मुलूख सलगपणे उभा राहतो. एका कुटुंबाला हे करता यावे यासाठी जे तिकीट लागते ते सवलतीच्या दरात मागण्याची गरजसुद्धा नाही. जे आहे तेच सुलभपणे मिळावे, एवढीच मागणी आहे.

या मागणीवर एक आक्षेप येतो आणि तो गंभीर आहे. गणपतीच्या आणि उन्हाळी सुट्टीच्या दिवसांत ज्या गाड्यांचे आरक्षण काही मिनिटांत भरते, त्या गाड्यांत तारखेची मोकळीक असलेल्या प्रवाशासाठी जागा कोठून राखून ठेवावयाची? राखून ठेवू नये, असे माझे उत्तर आहे. प्रवासाचा हक्क आणि आसनाचा हक्क हे दोन वेगळे हक्क आहेत, आणि चक्राकार तिकिटाच्या मूळ नियमात ते वेगळे मानलेलेच आहेत. प्रवाशाने मार्गाचे भाडे एकदाच भरावे. आसन मात्र त्या त्या टप्प्याला जशी जागा उपलब्ध असेल तसे, त्याच तिकिटाच्या क्रमांकावर, संगणकावरून मागावे. तारीख बदलली तर त्याला फक्त आरक्षणाचा आकार सोडावा लागावा. मूळ भाडे अबाधित राहावे. आजही खिडकीवर काढलेल्या आरक्षित तिकिटाची तारीख ४८ तास आधी एकवार बदलून घेण्याची तरतूद नियमांत आहेच. तीच तरतूद या तिकिटाला संगणकावर लागू करावी. ज्येष्ठा-गौरींच्या आठवड्यात हा प्रवासी कुणाची जागा अडवणार नाही, कारण त्याला त्या आठवड्याचा आग्रहच धरावा लागणार नाही; गर्दीच्या दिवसांतून माणसे मोकळ्या दिवसांकडे वळवण्याचा याहून सौम्य उपाय मला दिसत नाही.

क्षेत्रीय रेल्वेंना लोकप्रिय मार्गांची ठरीव चक्राकार तिकिटे काढण्याचा अधिकार आहे. ती ठरीव असली म्हणजे अर्ज, मंजुरी आणि हिशेब यांची दगदग उरत नाही. कोकण-घाट-देश या वर्तुळाचे असे ठरीव तिकीट काढण्यात आजवर अडचण होती ती हद्दींची. मुंबई-रोहे आणि मिरज-पुणे-मुंबई हा मार्ग मध्य रेल्वेकडे, रोहे-मडगाव कोकण रेल्वे महामंडळाकडे, आणि मडगावच्या पुढचा घाट व बेळगावची वाट दक्षिण पश्चिम रेल्वेकडे. परंतु मे २०२५ मध्ये महाराष्ट्र शासनाने कोकण रेल्वेच्या भारतीय रेल्वेतील विलीनीकरणास संमती दिली असल्यामुळे या हद्दींपैकी एक तरी आता विरण्याच्या मार्गावर आहे. विलीनीकरणाच्या अटींत नावाची आणि पैशाची चर्चा झाली. वाढीव अंतराच्या आकारणीचे पुढे काय होणार आणि तिन्ही मुलखांतून जाणारे एक ठरीव तिकीट कधी निघणार, हे दोन प्रश्न रत्नागिरी, सिंधुदुर्ग, कोल्हापूर आणि सांगलीच्या खासदारांनी रेल्वेमंत्र्यांस लेखी विचारावेत, आणि उत्तर पुढच्या रजेचा हंगाम सुरू होण्यापूर्वी मागून घ्यावे.